‘असंच असतं’ या उत्तरानंतर

आदरणीय बाई,

इंग्रजी साहित्य घेऊन पदवी झाली. आता भाषाशिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम करते आहे. शाळा सगळी मराठीतून झाली. कविता वाचताना मी हरवून जाते, पण इंग्रजीत बोलायला उभी राहिले की घसा कोरडा पडतो. बरोबरच्या काही जणी माझ्या उच्चारांची नक्कल करतात, म्हणून हल्ली तासाबाहेर मी इंग्रजी बोलणंच सोडलं आहे.

गेल्या आठवड्यात आठवीवर माझा सराव पाठ होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ असं वाक्य केलं. मी चूक म्हटलं. तो म्हणाला, ‘का पण? काल पाहिलंय ना मी त्याला!’ मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, ‘इंग्रजीत असंच असतं.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि बसला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने पेन खाली ठेवलं आणि पाठ संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. रात्री झोपताना मला ते पेनच दिसत होतं.

जी भाषा मलाच पुरती येत नाही ती मी दुसऱ्याला कशी शिकवू? भाषेचा इतिहास, ध्वनिशास्त्र अशा पेपरांत चांगले मार्क पडले, पण ऐन वेळी त्यातलं काही कामी आलं नाही. की मी दुसरं काही करावं? पुढच्या आठवड्यात त्याच वर्गावर आणखी दोन पाठ आहेत. खाली एक परिच्छेद इंग्रजीत लिहिला आहे. तो वाचून खरं काय ते सांगा.

— मागच्या बाकावरून आलेली

* * *

तुला ‘तू’ म्हणते. माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुली तुझ्याच वयाच्या होत्या आणि त्यांना अहो-जाहो करणं मला कधी जमलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओळी मोजल्या, हा पेशाचा दोष. मार्कांना एक वाक्य मिळालं आहे, नक्कल करणाऱ्या मैत्रिणींनाही एकच. सगळ्यांत मोठा परिच्छेद मात्र एका मुलाचा आहे आणि त्यात त्याने खाली ठेवलेलं पेनसुद्धा आहे. इंग्रजी आवडणं वेगळं आणि इंग्रजी शिकवणं आवडणं वेगळं. पहिली आवड असलेली पुष्कळ माणसं वर्गात कंटाळून जातात, कारण तिथे कवितेपेक्षा ‘का पण?’ जास्त वेळा ऐकू येतं. तुला त्या ‘का पण?’ने रात्रभर जागं ठेवलं. ‘दुसरं काही करावं का’ याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, आणि ते एवढ्यावरच सोडते. आधी त्या मुलाचा प्रश्न मार्गी लावू. तुझ्या भवितव्यापेक्षा तो तातडीचा आहे.

‘मी त्याला काल पाहिलंय’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ. मराठीत काही खटकतं का? अजिबात नाही. म्हणजे त्या मुलाने घाईत चूक केली नाही, त्याने आपल्या भाषेतलं निर्दोष वाक्य इमानाने इंग्रजीत नेलं. ‘पाहिलं’ला ‘सीन’, ‘आहे’ला ‘हॅव’, ‘काल’ला ‘यस्टर्डे’. आपलं ‘पाहिलं आहे’ हे रूप ‘काल’, ‘परवा’, ‘मागच्या वर्षी’ यांपैकी कुणालाही शेजारी बसू देतं. इंग्रजीचं ‘हॅव सीन’, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, त्या बाबतीत सोवळं आहे. ते बोलतं घडून गेलेल्या गोष्टीबद्दल, पण उभं असतं आत्ताच्या क्षणात. ज्या कालखंडाचं दार अजून उघडं आहे तोच त्याला चालतो. ‘यस्टर्डे’ला कुलूप लागलेलं असतं, म्हणून तिथे ‘आय सॉ हिम’.

हे असं मुलाला सांगू नकोस, झोपेल तो. फळ्यावर एक आडवी रेघ ओढ. उजव्या टोकाला उभी खूण कर, ही ‘आत्ता’. मग एक घड्याळ काढ आणि त्यात दहा वाजव. वाक्य लिही: ‘आय हॅव रिटन टू लेटर्स धिस मॉर्निंग.’ आता काटे पुसून चार वाजव. ‘आय रोट टू लेटर्स धिस मॉर्निंग.’ पत्रं तीच दोन, सकाळ तीच, लिहिणारी तीच, आणि तरी क्रियापद बदललं. बदललं काय, तर फक्त घड्याळ. दहा वाजता सकाळ अजून चालू होती, चार वाजता ती बंद झाली. मी हे घड्याळ किती वर्गांत काढलं याचा हिशेब नाही, पण प्रत्येक वेळी कुणी ना कुणी ‘म्हणजे दार बंद झालं!’ अशा अर्थाचं काहीतरी ओरडायचंच. ते त्यांच्याकडून येऊ दे. एखादा हुशार मुलगा सिनेमात ऐकलेलं ‘आय जस्ट सॉ हिम’ पुढे करील. त्याला सांग की अमेरिकेत ‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’बरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो, पण ‘यस्टर्डे’बरोबर ‘हॅव सीन’ तिथेही चालत नाही.

आता तू म्हणशील, हे मला माहीतच होतं. असणारच. ‘प्रेझेंट परफेक्टचे उपयोग’ या प्रश्नावर तू परीक्षेत पानभर लिहिलं असशील. तुझी अडचण इंग्रजीची नव्हतीच. त्या मुलाच्या डोक्यात कोणतं मराठी वाक्य चालू आहे, हे त्या क्षणी तुला दिसलं नाही, एवढंच झालं. ते दिसायला लागणं हीच या धंद्यातली अर्धी कमाई.

आणि ते कुणाला दिसतं? जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हाच प्रश्न विचार. तोही बहुतेक ‘असंच असतं’ म्हणेल, फक्त जास्त आत्मविश्वासाने. विश्वास बसत नसेल तर स्वतःवर प्रयोग कर. समज, मराठी शिकणारं कुणी तुला विचारतं: ‘तिने पुस्तक हरवलं’ म्हणता, तर ‘तिने पुस्तक विसरलं’ का नाही? ‘ती पुस्तक विसरली’ का? पहिल्या वाक्यात क्रियापद पुस्तकाच्या मागे जातं, दुसऱ्यात बाईच्या. हरवणं आणि विसरणं यांत असा काय फरक आहे? मग तो शोधत शोधत ‘धडा शिकली’ आणि ‘खोटं बोलली’पर्यंत येईल आणि तिथेही ‘ने’ गायब असेल. तू ही वाक्यं दोन-अडीच वर्षांची असल्यापासून बिनचूक बोलते आहेस. सांग बघू कारण. जीभ ‘असंच असतं’कडेच वळते ना? भाषा अंगात मुरलेली असली की तिचे सांधे दिसेनासे होतात. ज्याने एकेक सांधा स्वतः बसवला, त्यालाच तो कुठे निखळतो ते ठाऊक असतं.

हे काही मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. पीटर मेजेश या हंगेरियन अभ्यासकाने, जो स्वतः इंग्रजी शिकून शिक्षक झाला, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा मुद्दा नीट मांडला. भाषा जन्मतः मिळालेला शिक्षक आणि ती कमावलेला शिक्षक, दोघेही उत्तम होऊ शकतात, पण वेगळ्या वाटांनी. दुसऱ्याला शिकणाऱ्याची ठेच आधीच दिसते, कारण त्याच दगडावर त्याचाही अंगठा फुटलेला असतो. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली ‘जन्मभाषिक तोच आदर्श शिक्षक’ या समजुतीला चक्क भ्रम असं नाव दिलं. आज जगात इंग्रजी बोलणाऱ्यांत ती नंतर शिकलेल्यांची संख्या जन्मभाषिकांपेक्षा मोठी आहे, तेव्हा तू काही आगंतुक नाहीस.

पण लगेच हुरळून जाऊ नकोस. अंगठा फुटला होता एवढ्या भांडवलावर कुणी वैद्य होत नाही. खाली जो इंग्रजी परिच्छेद लिहिला आहेस त्याचं ‘खरं काय ते’ आता सांगते.

अकरा वाक्यं आहेत. आठ स्वच्छ आहेत, त्यांतलं पावसाचं वाक्य तर मला स्वतःला लिहायला आवडलं असतं. तीन चुकली आहेत. ‘आय ॲम स्टडिंग इंग्लिश सिन्स फाइव्ह इयर्स.’ ‘वी डिस्कस्ड अबाउट धिस प्रॉब्लेम.’ आणि ‘टीचर टोल्ड मी’, जिथे ‘टीचर’च्या आधी ‘द’ हवा होता.

दुसरी आणि तिसरी पटकन उरकते. आपण विषया‘वर’ चर्चा करतो, त्या ‘वर’साठी तू इंग्रजीत जागा शोधलीस, पण ‘डिस्कस’ कर्म थेट उचलतं. ‘द’चं म्हणशील तर मराठीत त्याच्या तोडीचा शब्दच नाही. कोणती शिक्षिका हे आपल्याला संदर्भावरून कळतं आणि आपण पुढे जातो. ‘द’ शेवटपर्यंत छळतो. मी अजूनही पत्र टाकण्याआधी एकदा फक्त ‘द’साठी वाचते.

पहिली चूक मात्र बघ, कारण तिच्यात गंमत आहे. ‘मी पाच वर्षांपासून शिकते आहे.’ मराठीत वर्तमानकाळ, कारण शिकणं चालूच आहे. इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन स्टडिंग’ लागतं, आणि ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’, कारण आपलं एक ‘पासून’ ‘सोमवारपासून’लाही चालतं आणि ‘पाच वर्षांपासून’लाही. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात. आरंभबिंदूला ‘सिन्स’, लांबीला ‘फॉर’. आता त्या मुलाची चूक हिच्या शेजारी ठेव. त्याने ‘हॅव’ नको तिथे घातलं, तू हवं तिथे घातलं नाहीस. दोघांनी एकाच विहिरीचं पाणी काढलं. त्याला चूक म्हणताना तुझ्या हातात लाल पेन होतं, एवढाच काय तो तुम्हा दोघांतला फरक.

अशा चुकांकडे बघण्याची दृष्टी भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांच्या १९६७ सालच्या एका लेखाने बदलली. चूक म्हणजे शिकणाऱ्याचा नाकर्तेपणा नसून, त्याने स्वतःशी या क्षणी कोणता नियम बांधला आहे याचा पुरावा आहे, असं त्यांचं म्हणणं. तू ध्वनिशास्त्राच्या जोडीला हेही वाचलं असशील, पण परीक्षेसाठी वाचलेलं असलं की ते परीक्षेच्या हॉलमध्येच राहतं. एक वही घाल. डाव्या पानावर चुकलेलं वाक्य, तुझं किंवा मुलांचं, उजव्या पानावर त्याच्या मागचं मराठी वाक्य. दुरुस्त वाक्य लिहिलं नाहीस तरी चालेल, ते कुठल्याही पुस्तकात मिळतं. मागचं मराठी वाक्य कुठेही छापलेलं नसतं. वर्षभरात ती वही तुझ्या पदवीच्या कागदापेक्षा जड होईल.

आता नक्कल करणाऱ्या मैत्रिणी. त्यांना काय म्हणायचं ते मी छापण्याजोग्या शब्दांत म्हणू शकत नाही, म्हणून माझीच फजिती सांगते. अलंकार शिकवताना मी तीन वर्षं वर्गात ‘हायपरबोल’ असं ठणकावून म्हणत होते. स्पेलिंग तसंच दिसतं ना! एके दिवशी नव्याने रुजू झालेल्या तरुण सहकाऱ्याने चहाच्या सुट्टीत हळूच विचारलं, ‘बाई, तो शब्द हायपर्बली आहे का हो?’ तीन वर्षांतल्या सगळ्या तुकड्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सांगून टाकलं की मी आजवर चुकीचं म्हणत आले. मुलं मनसोक्त हसली. तो शब्द मात्र त्या वर्गात कुणीही कधी चुकवला नाही. ज्यांनी भाषा कानाऐवजी डोळ्यांनी मिळवली त्यांचं असंच होतं, त्याचा इलाज म्हणजे नवा शब्द लिहून घेण्याआधी शब्दकोशात त्याचा उच्चार ऐकणं. आता तर एका बोटाचं काम आहे.

उच्चारात सगळ्याच गोष्टी सारख्या मोलाच्या नसतात, हेही लक्षात घे. जेनिफर जेन्किन्स यांनी वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं आपापसांत इंग्रजी बोलताना कुठे अडखळतात याचा अभ्यास केला आणि २००० साली निष्कर्ष मांडले. ‘थिंक’मधला तो जीभ दातांत धरण्याचा ध्वनी, ज्यावरून सगळ्यात जास्त हसं होतं, तो समजण्याच्या आड फारसा येतच नाही. आड येतात त्या दुसऱ्याच गोष्टी. ‘शिप’ आणि ‘शीप’मधली लांबी. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’मागे सुटणारा श्वास, जो नसला तर ‘पॅक’ हा ‘बॅक’ ऐकू येऊ शकतो. आणि वाक्यातला आघात.

हा आघात तुझ्यासाठी महत्त्वाचा, कारण आपलं काम त्याच्यावाचून भागतं. ‘मी लालच पेन मागितलं होतं’, ‘मीच लाल पेन मागितलं होतं’, ‘मी लाल पेनच मागितलं होतं’. आपला ‘च’ जिथे चिकटेल तिथे दिवा लागतो. इंग्रजीत ‘च’ नाही. ‘आय आस्क्ड फॉर द रेड पेन’ या एकाच वाक्यात कधी ‘आय’वर, कधी ‘रेड’वर, कधी ‘पेन’वर आवाज उचलून तेच काम करावं लागतं. मराठी मुलं सगळे शब्द एका पातळीवर म्हणतात आणि ऐकणाऱ्याला दिवा कुठे आहे ते कळत नाही. वर्गात ‘च’ची तीन वाक्यं फळ्यावर लिही आणि मुलांना इंग्रजी वाक्य तीन तऱ्हांनी म्हणायला लाव. पाच मिनिटांचा खेळ आहे, आणि तो मराठी न येणाऱ्या शिक्षकाला सुचणार नाही.

पण तू बोलणंच सोडलंस, हे मला अजिबात पटलेलं नाही. नक्कल होते ती सहन करणं अवघड आहे, कबूल. तरी शिक्षिका होऊ घातलेल्या मुलीने तोंड बंद ठेवलं तर उद्या घाबरून तोंड बंद ठेवणाऱ्या मुलाला ती कोणत्या तोंडाने बोल म्हणणार? त्या मुलींसमोर बोलायला नको. एक जोडीदारीण शोध, तुझ्याइतकीच घाबरणारी, आणि रोज वीस मिनिटं तिच्याशी इंग्रजीतच बोल. भांडा, कुचाळक्या करा, काहीही. स्वतःचं बोलणं फोनवर मुद्रित करून आठवड्यातून एकदा ऐक. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज नको होतो. दुसऱ्यांदा चुका ऐकू येतात. तिसऱ्यांदा, चुका वाटल्या होत्या तेवढ्या नाहीत, हे ऐकू येतं.

कवितेत हरवून जातेस ते जपून ठेव, पण कवितेची भाषा बोलायच्या कामी येत नाही. तिथे शब्द मुद्दाम आडवाटेला ठेवलेले असतात. त्याच्या जोडीला साधं, सोपं, भरपूर गद्य वाच. किती सोपं? शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा २००६ सालचा अंदाज असा, की न अडता वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाचांहून अधिक शब्द अडले तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेव, त्यात कमीपणा नाही. हाच हिशेब मुलांना द्यायच्या उताऱ्यांनाही लाव. त्यांच्या पुढ्यातल्या उताऱ्यांत कितीदा दहात एक शब्द अडतो ते मोजून बघ. मग ती खिडकीबाहेर का बघतात ते कळेल.

इतिहासाचा पेपर वाया गेला म्हणतेस. उद्या मुलगा विचारील की ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यात बी कशाला? तुला ठाऊक आहे की फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा बी नव्हता. पुढे लॅटिनच्या अभिमान्यांनी ‘देबितुम’ची आठवण म्हणून तो आत कोंबला, आणि बोलणाऱ्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्यातला के मात्र एके काळी खरंच उच्चारला जायचा. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन, त्याने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापखान्यांमुळे हळूहळू स्पेलिंगं थिजली, उच्चार मात्र पुढे चालत राहिले. अशी एक गोष्ट दहा पाठांतरांचं काम करते. आणि कुणी ‘आपली लिपी बघा, जसं लिहितो तसं बोलतो’ म्हणून फुशारकी मारली, तर त्याला ‘चार’ आणि ‘चाक’ एकापाठोपाठ म्हणायला सांग. दोन वेगळे ‘च’, अक्षर एकच.

वर्गात मराठी वापरू की नको, हे तू विचारलं नाहीस, पण निरीक्षक विचारतील म्हणून सांगते. संपूर्ण बंदीवर माझा विश्वास नाही. ‘इव्हन दो’चा अर्थ इंग्रजीत पाच मिनिटं अभिनय करून सांगण्यापेक्षा ‘जरी’ म्हण आणि उरलेली साडेचार मिनिटं मुलांकडून वाक्यं करून घे. ‘वी’ म्हणजे ‘आपण’ की ‘आम्ही’, हा प्रश्न मराठी मुलाला पडतोच, तो मराठीतच सोडव. उलट पाठभर मराठीत इंग्रजीचं वर्णन करत बसलीस, तर मुलं इंग्रजीबद्दल पुष्कळ ऐकतील आणि इंग्रजी अजिबात ऐकणार नाहीत.

आता ‘असंच असतं’ आलं कुठून, ते बघू. ते तुझं वाक्य नव्हतं. तुला ते कुणीतरी, कधीतरी, शेवटच्या बाकावर असताना ऐकवलं असणार. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याने शिक्षकांना सुमारे १३,००० तास शिकवताना पाहिलेलं असतं. इतकी उमेदवारी दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत नाही. पण ती बाकावरून केलेली. बाकावरून शिक्षकाचं बोलणं दिसतं, आदल्या रात्रीची तयारी दिसत नाही. म्हणून ऐन वेळी घाबरलो की आपण अभ्यासक्रमात शिकलेलं विसरतो आणि बालपणी पाहिलेल्या शिक्षकासारखे वागतो. तुझं तेच झालं. पुढेही होईल. झालं की ओळखायचं.

दोन सवयी मात्र आत्ताच लावून घे, नंतर जड जातात. पहिली, प्रश्न विचारल्यावर थांबण्याची. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत तर मुलाला प्रश्न समजायचा, उत्तर सुचायचं आणि ते भाषांतरित व्हायचं असतं. तीन सेकंद वर्गात युगासारखे वाटतात, घामटं निघतं, पण थांब.

दुसरी, दुरुस्तीची. मुलगी म्हणते, ‘शी गो टू स्कूल एव्हरी डे.’ आपण गोडपणे म्हणतो, ‘येस, शी गोज टू स्कूल.’ ती म्हणते, ‘येस.’ झालं! तिला वाटतं बाईंनी दुजोरा दिला. कॅनडात फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा असाच अभ्यास रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ साली मांडला. दुरुस्तीची ही गोड तऱ्हा निम्म्याहून अधिक वेळा वापरली जात होती आणि मुलांकडून सगळ्यांत कमी प्रतिसाद तिलाच मिळत होता. त्यापेक्षा ‘शी...?’ म्हणून भुवया उंचाव आणि थांब. ‘गोज’ तिच्याकडूनच येऊ दे. ती आली नाही तर शेजारणीकडून येईल.

आणि जमलं तर या वर्षी एखादी पूर्ण अनोळखी भाषा शिकायला घे, जिची लिपीही येत नाही अशी. पारंगत व्हायला नव्हे. बाराखडीवर बोट ठेवून अडखळणं, चारचौघांत चुकणं, शिक्षकाने ‘सोपं तर आहे’ म्हटल्यावर होणारी ती चिडचिड, हे सगळं इंग्रजीच्या बाबतीत तू विसरत चालली आहेस. मी निवृत्तीच्या आधी दोन वर्षं हा उद्योग केला आणि वीस वर्षांपूर्वीच करायला हवा होता असं वाटलं.

राहिला पुढच्या आठवड्यातला पाठ. शेवटच्या बाकाजवळ जा आणि त्या मुलाला सांग, ‘मागच्या वेळी तू का विचारलंस, तेव्हा मला सांगता आलं नाही. शोधून आणलं आहे.’ एवढंच सांग, फार माफी मागत बसू नकोस, मुलं अवघडतात. त्याचं वाक्य त्याच्याच हाताने फळ्यावर लिहून घे. खोडू नकोस. शेजारी तू घड्याळ काढ, आधी दहा, मग चार. दोन्ही वाक्यं लिही आणि त्याला विचार, काय बदललं. मग गप्प राहा. मनात तीनपर्यंत मोज, पाचपर्यंत मोजावं लागलं तरी हरकत नाही.

तो काय म्हणाला ते मला कळव. ते पत्र सगळं इंग्रजीत लिही. लाल पेन मी हाताशी ठेवते.